हृदयाचा स्ट्रेस एमआरआय: सांगितल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंत

"ब्लॉकेज किती टक्के आहे ते एमआरआयमध्ये कळेल ना?" हृदयाचा एमआरआय सांगितलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. सरळ उत्तर द्यायचं तर बहुतेक वेळा नाही. टक्केवारीच हवी असेल तर सीटी अँजिओग्राफी आहे, नाहीतर मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करायची नेहमीची अँजिओग्राफी आहे. एमआरआय वेगळं काहीतरी सांगतो आणि पुष्कळदा तेच जास्त कामाचं असतं. गरजेच्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतं का? कुठल्या भागात पोचत नाही? आणि जो भाग दुबळा पडलाय तो अजून जिवंत आहे की गेलेला? पाटाची रुंदी मोजत बसण्यापेक्षा शेवटच्या सरीला पाणी लागतंय का ते बघावं, तशातला हा प्रकार.

हे एकदा डोक्यात बसलं की तपासणीतली प्रत्येक गोष्ट, अगदी "उद्या चहा घेऊ नका" ही सूचनासुद्धा, कशासाठी आहे ते कळतं.

त्याआधी एक इशारा. छातीत आत्ता, या घडीला दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतंय, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सीत जा. तिथे आधी ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. एमआरआय ही घाईच्या वेळची तपासणी नव्हे. जिना चढताना, भरभर चालताना छाती भरून येते किंवा धाप लागते, बसलं की बरं वाटतं, आणि असं काही आठवडे-महिने चाललंय, अशांसाठी पुढचं सगळं आहे.

पहिली पायरी: प्रश्न पक्का करा

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या प्रत्येक ठोक्याला हलतात, प्रत्येक श्वासाला वर-खाली होतात. एमआरआयचं चित्र हळूहळू तयार होतं, त्यामुळे इतकी बारीक आणि सतत हलणारी नळी त्याला नीट पकडता येत नाही. धमनी भलत्याच जागेहून निघालीय का, लहानपणी झालेल्या कावासाकी आजारामुळे कुठे फुगली आहे का, असल्या प्रश्नांना एमआरआयवर काढलेली धमन्यांची चित्रं उपयोगी पडतात. पण भिंतीवरचा चरबीचा थर, त्यातलं कॅल्शियम, अरुंद झालेली जागा यांसाठी सीटी बरा. कॅल्शियम तर एमआरआयला जवळपास दिसतच नाही.

मग स्ट्रेस एमआरआय, म्हणजे औषधाने हृदयाचा रक्तप्रवाह वाढवून काढलेला एमआरआय, कुणाला सांगतात? सीटीत किंवा अँजिओग्राफीत मधलंच काहीतरी निघालं, म्हणजे धड सोडून देण्याजोगं नाही आणि धड स्टेंट टाकण्याजोगंही नाही, तर त्या अडथळ्यामुळे स्नायूचं खरंच अडतंय का हे बघायला. आधी स्टेंट किंवा बायपास झालेल्या माणसाला पुन्हा त्रास सुरू झाला तर. ट्रेडमिलवर चालणं जमत नाही, किंवा मुळातला ईसीजीच असा आहे की ट्रेडमिलच्या आलेखातून काही कळणार नाही, तर. आणि हृदयाचं पंपिंग कमी झालंय पण कशामुळे ते कळत नाही, तेव्हा तर हमखास.

स्नायूचा रक्तपुरवठा तपासायच्या आणखीही पद्धती आहेत. किरणोत्सारी औषध देऊन करायचा स्पेक्ट स्कॅन त्यातला जुना आणि सगळीकडे रुळलेला. इंग्लंडमधल्या लीड्स इथे ७५२ रुग्णांवर दोन्ही तपासण्या करून बघितल्या गेल्या. सीई-मार्क या नावाने ओळखला जाणारा तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना खरोखर आजार होता त्यांच्यातले ८६.५ टक्के एमआरआयने पकडले, स्पेक्टने ६६.५ टक्के. निरोगी माणसाला निरोगी ठरवण्यात दोन्ही जवळपास बरोबरीत. शिवाय एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत आणि किरणोत्सर्गही नाही. छातीत दुखण्याबद्दल अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्ट्रेस एमआरआयला पहिल्या फळीतल्या तपासण्यांत जागा मिळाली आहे.

तपासणी ठरवण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच: या रिपोर्टवरून काय ठरणार आहे? रिपोर्ट कसाही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर तपासणी कशासाठी हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर "यावर अँजिओग्राफी करायची की नाही ते ठरेल" किंवा "बायपासचा फायदा होईल का ते कळेल" असं नेमकं असलं की समजा तपासणी योग्य कारणासाठी होते आहे.

दुसरी पायरी: फॉर्म भरताना काही गाळू नका

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक. हृदयासाठी सहसा १.५ किंवा ३ टेस्लाचं मशीन वापरतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. हा चुंबक रात्री-बेरात्री, मशीन रिकामं असतानाही चालूच असतो. म्हणून दारातच एवढी झडती घेतात.

पेसमेकर, शॉक देणारं यंत्र, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप, इन्सुलिनचा पंप, दंडावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर, अंगात राहिलेला छर्रा: यातलं काहीही असेल तर फॉर्मवर लिहा आणि तोंडीही सांगा. वेल्डिंग किंवा लोखंड घासण्याचं काम कधी केलं असेल तर तेही सांगा. डोळ्यात अडकलेला बारीक कण चुंबकात हलला तर इजा होते, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. नवे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण त्यांचं सेटिंग तपासणीपुरतं बदलावं लागतं आणि नंतर पूर्ववत करावं लागतं. त्यासाठी इम्प्लांटचं कार्ड हवंच. "पेसमेकर आहे, पण कंपनी आठवत नाही" एवढ्यावर कुणी आत घेत नाही आणि घेऊही नये.

सगळ्यात जास्त भीती मात्र स्टेंटची असते, आणि नेमकी तीच बिनबुडाची आहे. हल्लीचे बहुतेक सगळे कोरोनरी स्टेंट १.५ आणि ३ टेस्लाला चालतात, आणि ते टाकल्यावर महिनोन्‌महिने थांबायचीही गरज नसते. बायपासनंतर छातीच्या हाडाला घातलेल्या तारा आणि बहुतेक कृत्रिम झडपाही चालतात. कार्ड मात्र बरोबर न्या.

किडनीचा मुद्दा गॅडोलिनियममुळे येतो. तपासणीत शिरेतून देतात तो डाय या धातूच्या संयुगाचा असतो. २००६ च्या सुमारास असं लक्षात आलं की किडनी खूपच खराब असलेल्या काही रुग्णांना या डायनंतर कातडी आणि आतले अवयव कडक होत जाणारा गंभीर आजार होतो. तो प्रामुख्याने जुन्या, सरळ साखळीच्या रचनेच्या डायशी जोडलेला निघाला. आता बहुतेक ठिकाणी गॅडोलिनियमला पिंजऱ्यासारखं घट्ट धरून ठेवणारे डाय वापरतात आणि त्यांच्यात हा धोका अत्यंत कमी आहे. तरीही क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ असावा. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर ते आधी सांगा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही.

आणि दमा. स्ट्रेससाठी जे औषध देतात (बहुधा अ‍ॅडेनोसिन) त्याने श्वासनलिका आवळू शकतात. ज्याला सध्या घरघर होते आहे त्याला अ‍ॅडेनोसिन देत नाहीत. ठोका अडखळण्याचा विशिष्ट आजार (दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक) असलेल्यांना, किंवा वरचा रक्तदाब मुळातच ९० च्या खाली असणाऱ्यांनाही नाही. एक गोंधळ इथेच मिटवू: हा हार्ट ब्लॉक म्हणजे धमनीतलं ब्लॉकेज नव्हे. तो हृदयातल्या विजेच्या मार्गातला अडथळा. दोन्हींना आपण सर्रास "ब्लॉक"च म्हणतो, त्यामुळे फॉर्मवर हमखास चुकीची खूण होते.

तिसरी पायरी: आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद

ही सूचना सगळ्यांना किरकोळ वाटते. तपासणी वाया जाते ती मात्र बहुधा इथेच.

अ‍ॅडेनोसिन हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ज्या जागी जाऊन बसतं, नेमक्या त्याच जागा कॅफिन अडवून धरतं. सकाळी "अर्धा कपच तर घेतला" म्हणून आत गेलेल्या माणसाला औषध देऊनही स्ट्रेस नीट येत नाही. चित्रं सुंदर येतात, सगळीकडे रक्तपुरवठा सारखा दिसतो, रिपोर्ट "नॉर्मल" होतो. आजार तिथेच असतो, फक्त त्याला उघडं पाडणारं औषध चाललेलं नसतं.

म्हणून २४ तास कॅफिन बंद ठेवा. काही केंद्रं १२ तास सांगतात. पण २४ तास पाळलेत तर कुठेच अडणार नाही. चहा आणि कॉफी सगळ्यांना आठवतात. ग्रीन टी, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या आठवत नाहीत. "डीकॅफ" कॉफीतही थोडं कॅफिन उरलेलं असतं. चुकून घेतलंच असेल तर लपवू नका. तारीख पुढे ढकलणं परवडतं.

औषधांत दम्यावरचं थिओफिलिन आणि रक्त पातळ ठेवायला दिलेलं डायपिरिडॅमोल ही दोन अ‍ॅडेनोसिनच्या कामात ढवळाढवळ करतात. एक उलटा परिणाम करतं, दुसरं वाढवून ठेवतं. ती बंद करायची का, कधी करायची, हे डॉक्टरांनीच सांगायचं. नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांचं तसंच. स्ट्रेससाठी डोब्युटामिन वापरणार असतील तर त्या आधी थांबवायला सांगतात, अ‍ॅडेनोसिनला बऱ्याचदा चालू ठेवतात. आपल्या मनाने यातली एकही गोळी बंद करू नये. मधुमेह असेल आणि काही तास उपाशी राहायला सांगितलं असेल, तर त्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचं ते विचारून ठेवा.

निघताना दागिने, घड्याळ, केसातल्या पिना घरीच ठेवा. अंगावर औषधाचा चिकटपट्टी पॅच असेल तर दाखवा, काहींच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो.

चौथी पायरी: बोगद्यात

पूर्ण तपासणी साधारण ४० ते ६० मिनिटं चालते. छातीवर ईसीजीचे चिकटे लावतात, एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा, शिरेत एक किंवा दोन सुया. दोन असतील तर एका हातातून स्ट्रेसचं औषध, दुसऱ्यातून डाय. छातीवर पट्ट्यासारखं कॉइल ठेवतात. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की बाहेर घंटा वाजते.

बोगद्याचं तोंड ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी ती आदल्या दिवशीच सांगावी, टेबलावर झोपल्यावर नव्हे. आत जायच्या आधीच डोळे मिटायचे आणि बाहेर येईपर्यंत उघडायचे नाहीत, ही युक्ती अनेकांना पुरते. आवाज मात्र जबरदस्त असतो, ठोकल्यासारखा. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, ते नीट बसलेत का ते स्वतः तपासा, कारण श्वासाच्या सूचनाही हेडफोनमधूनच येणार असतात.

खरी मेहनत श्वासाची. "श्वास घ्या, सोडा, आता थांबा" अशी सूचना येते. श्वास सोडून मग रोखायचा असतो. भरून रोखायचा नाही. कारण सोडलेल्या स्थितीत छातीचा पडदा दर वेळी जवळपास एकाच जागी येऊन थांबतो, भरलेल्या स्थितीत दर वेळी थोडा वेगळा. चित्रांचे काप एकमेकांशी जुळायला हवेत ना. दर वेळी १० ते १५ सेकंद रोखावं लागतं आणि हे पुष्कळदा होतं. दोन-तीन दिवस आधीपासून घरी आडवं पडून, घड्याळ लावून सराव केला तर तपासणी चांगलीच लवकर आटपते. नाहीच रोखता आला तर श्वास चालू ठेवून काढायच्या पद्धतीही आहेत, तसं सांगा. चोरून अर्धा श्वास घेतलात तर चित्र पुसट येतं आणि तोच काप पुन्हा काढावा लागतो.

छातीला लावलेल्या ईसीजीबद्दल एक गंमत. आत गेल्यावर तो आलेख वेडावाकडा दिसतो. रक्त वीज वाहून नेणारं आहे आणि ते चुंबकात वाहायला लागलं की स्वतःच थोडी वीज तयार करतं. ती आलेखात मिसळते. म्हणून बोगद्यातल्या ईसीजीवरून हृदयाला त्रास होतोय का हे ठरवता येत नाही. त्याचा उपयोग फक्त ठोक्याच्या तालावर चित्र टिपण्यापुरता. ताल मुळातच अनियमित असेल तर चित्रं बिघडतात, हा या तपासणीचा कच्चा दुवा आहे.

पहिल्या टप्प्यात हृदयाचे हलते काप काढतात. त्यातून डाव्या कप्प्याचं आकारमान, पंपिंगची टक्केवारी म्हणजे ईएफ, आणि कुठली भिंत कमी हलते हे कळतं.

पाचवी पायरी: स्ट्रेसची ती तीन-चार मिनिटं

कोरोनरी धमनी बरीच अरुंद झाली तरी बसल्या जागी स्नायूला रक्त पुरतं. कारण तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या आपणहून पूर्ण उघडलेल्या राहतात. म्हणून आरामातला ईसीजी, आरामातला इको, दोन्ही चांगले येऊ शकतात. अ‍ॅडेनोसिन दिलं की निरोगी भागातल्या वाहिन्या उघडतात आणि तिथला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. अडथळ्यापुढच्या वाहिन्या आधीच उघड्या असतात, त्यांना आणखी उघडायला जागाच उरलेली नसते. तफावत तिथे दिसते. म्हणजे स्ट्रेस म्हणत असले तरी या औषधाने हृदयाला पळवत नाहीत. पळवणारं औषध डोब्युटामिन, त्याने ठोके वाढतात आणि मग भिंतींची हालचाल बघतात.

अ‍ॅडेनोसिन वजनाच्या हिशेबाने, दर मिनिटाला दर किलोला १४० मायक्रोग्रॅम, असं थेंबाथेंबाने सोडतात. काही ठिकाणी त्याऐवजी रेगाडेनोसन वापरतात: ४०० मायक्रोग्रॅमचं एकच इंजेक्शन. अंग गरम होतं, चेहरा लाल होतो, छातीवर दडपण येतं, श्वास लागल्यासारखा वाटतो, कधी डोकं दुखतं. हे होणारच आहे. होत असेल तर औषध चाललंय. घाबरून फुगा दाबण्याआधी बाहेरच्या आवाजाकडे लक्ष द्या, ते तुमच्याशी बोलत असतात. पण खरंच सहन होत नसेल तर बेलाशक दाबा. अ‍ॅडेनोसिनचा अर्धा अंश रक्तातून जायला १० सेकंदही लागत नाहीत. थेंब बंद केले की एक-दोन मिनिटांत मोकळं वाटतं. रेगाडेनोसनचा परिणाम जरा रेंगाळतो, आणि गरज पडली तर उतारा म्हणून अमिनोफिलिन हाताशी ठेवलेलं असतं.

औषध पूर्ण चढलं की डाय सोडतात आणि प्रत्येक ठोक्याला चित्र घेत जातात. डाय आधी उजव्या कप्प्यात चमकतो, मग डाव्यात, मग स्नायूत झिरपतो. निरोगी स्नायू उजळतो. रक्त न पोचणारा भाग काळाच राहतो.

सहावी पायरी: थांबून काढायची चित्रं

डाय दिल्यावर १० ते १५ मिनिटांनी शेवटची चित्रं काढतात. माझ्या मते या तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि रुग्णाला यातलं काहीच जाणवत नाही.

गॅडोलिनियम जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत राहतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने असतात, मधली जागा थोडी, त्यामुळे डाय लवकर निघून जातो. जुन्या हार्ट अटॅकचा व्रण म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागी आलेलं तंतूंचं जाळं. त्यात मोकळी जागा भरपूर, डाय साचून राहतो. चित्रात निरोगी स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो.

तो पांढरा भाग कुठून सुरू होतो हे महत्त्वाचं. धमनीतल्या अडथळ्याने होणारं नुकसान नेहमी हृदयाच्या आतल्या अस्तराकडून सुरू होऊन बाहेर सरकतं. स्नायूला विषाणूमुळे सूज आली असेल तर पांढरेपणा बहुधा बाहेरच्या कडेला किंवा मधल्या थरात दिसतो. अँजिओग्राफीत धमन्या स्वच्छ निघाल्या आणि तरी ट्रोपोनिन वाढलेलं होतं, अशा कोड्यात हे चित्र पुष्कळदा निकाल देऊन टाकतं.

व्रण भिंतीच्या जाडीत किती खोल गेलाय यावरून रक्तपुरवठा परत सुरू करून उपयोग होईल का याचा अंदाज बांधतात. २००० साली ५० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात ज्या भागांत व्रण अजिबात नव्हता, अशा कमी हलणाऱ्या ३२९ भागांपैकी २५६ भाग स्टेंट किंवा बायपासनंतर सुधारले. तीन चतुर्थांशाहून जास्त जाडी व्रणाने खाल्लेले ५८ भाग होते. त्यातला एक सुधारला.

काहींना आपल्याला अटॅक येऊन गेला हे इथेच पहिल्यांदा कळतं. आइसलँडमध्ये ६७ ते ९३ वयाच्या ९३६ जणांचा असा एमआरआय केला, तेव्हा नोंद झालेला अटॅक ९१ जणांना होता आणि कुणालाच पत्ता नसलेला १५७ जणांना. मधुमेह्यांत हे प्रमाण आणखी जास्त निघालं.

सातवी पायरी: चित्र वाचणारा काय बघतो

हे रुग्णाला करायचं नसतं, पण "मशीनमध्ये घातलं की मशीन सांगतं" हा समज जायला हवा म्हणून थोडंसं.

स्ट्रेसच्या चित्रात स्नायूच्या आतल्या कडेला एक काळी रेघ उमटली, तर दोन शक्यता असतात. खरंच रक्त पोचत नाही, किंवा डाव्या कप्प्यातल्या लख्ख उजेडाशेजारी चित्रातच तयार झालेली ती खोटी सावली आहे. खोटी सावली डाय कप्प्यात भरला की लगेच येते आणि काही ठोक्यांत विरते. खरा अभाव टिकतो, स्नायूच्या जाडीत आत शिरतो, आणि एखाद्या धमनीच्या हद्दीत बसतो. हृदयाच्या तीन मुख्य धमन्यांपैकी समोरची भिंत आणि मधला पडदा एलएडीच्या (डावीकडची, समोरून उतरणारी) हद्दीत, खालची भिंत बहुतेकांत आरसीएच्या (उजवीकडची), बाजूची सर्कमफ्लेक्सच्या (डावीकडची, वळसा घालून जाणारी). आतल्या कडेला चारही बाजूंनी सारखाच काळेपणा आला तर तिन्ही धमन्यांचा आजार किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांचा आजार, असा विचार सुरू होतो.

आणि प्लीहा. पोटातली प्लीहा त्याच चित्राच्या कोपऱ्यात येते. अ‍ॅडेनोसिन नीट चढलं की तिचा रक्तप्रवाह आटतो आणि ती स्ट्रेसच्या चित्रात काळी पडते, आरामाच्या, म्हणजे स्ट्रेसच्या औषधाशिवाय काढलेल्या, चित्रात उजळते. स्ट्रेसमध्येही ती लख्ख दिसत असेल तर औषधाने काम केलेलं नाही. चहाची चोरी अनेकदा इथे पकडली जाते! रेगाडेनोसन दिलं असेल तर मात्र ही खूण भरवशाची नाही.

आठवी पायरी: रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडलेले असतात. स्ट्रेसच्या चित्रांसाठी टोकाचा भाग सोडून १६ धरतात. "इंड्यूसिबल इस्कीमिया" म्हणजे औषध दिल्यावर रक्त कमी पडलं. त्यापुढे किती भागांत ते बघा, एका भागात असणं आणि सहा भागांत असणं यांत खूप अंतर आहे. "लेट गॅडोलिनियम एनहान्समेंट" म्हणजे वर सांगितलेला पांढरा व्रण. "सबएंडोकार्डियल" म्हणजे आतल्या अस्तराकडचा, "ट्रान्सम्युरल" म्हणजे आरपार. "व्हायेबल" म्हणजे जिवंत. व्रण आणि काळा भाग एकाच जागी, एकाच आकाराचे असतील तर तो जुना मामला. काळा भाग व्रणाच्या पलीकडे पसरला असेल तर तिथे अजून वाचवण्यासारखं काही आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला तर पुढच्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आत असतं. हा मोठा दिलासा आहे. पण नॉर्मल म्हणजे धमन्या स्वच्छ, असं नाही. रक्ताची वाट न अडवणारा चरबीचा थर या तपासणीला दिसत नाही. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी, तंबाखू सोडणं यांतलं काहीच रिपोर्टच्या जोरावर थांबवू नये.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे उद्याच स्टेंट, असंही नाही. ५,१७९ रुग्णांच्या इस्कीमिया नावाच्या अभ्यासात (२०२०) स्थिर आजार असलेल्यांना लगेच अँजिओग्राफीकडे नेलं काय किंवा आधी औषधांवर ठेवलं काय, अटॅक आणि मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. छातीतल्या दुखण्याला मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम पडला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि पंपिंग फार कमी असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा. एमआर-इन्फॉर्म या २०१९ च्या अभ्यासात ९१८ रुग्ण होते. निम्म्यांना आधी एमआरआय, निम्म्यांना थेट अँजिओग्राफी आणि धमनीतला दाब मोजणं. वर्षभरानंतर अटॅक, मृत्यू किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया यांचं प्रमाण ३.६ आणि ३.७ टक्के, म्हणजे सारखंच. पण स्टेंट किंवा बायपास एमआरआयवाल्यांत ३५.७ टक्क्यांना लागलं, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना.

घरी जाताना नुसता छापील कागद घेऊन जाऊ नका, चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर ते रिपोर्टपेक्षा चित्रं आधी मागतील. स्ट्रेससाठी कुठलं औषध दिलं, कुठला डाय वापरला, अंगावर पित्त उठलं किंवा मळमळलं का, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. इम्प्लांटचं कार्ड त्याच पानाला लावा.